न्हाणीघरातील गरम पाणी : यंत्राची किंमत आणि बसवण्याचा खर्च



ऊसबिलाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला की गावोगाव दोन प्रकारच्या गाड्या फिरू लागतात. एक ट्रॅक्टरवाल्यांची आणि दुसरी गिझर व सौर बंबवाल्यांची. त्याच दिवसांत ऊसनोंदीच्या नाहीतर तोडणी कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही शेतकी खात्याची मंडळी आपल्या वस्तीवर येत असतो. चहा येईपर्यंत लागणीचे, खोडव्याचे बोलणे होते आणि चहा झाला की हमखास विचारणा होते, "साहेब, पाणी तापवायला काय घ्यावं? सगळं मिळून कितीला जाईल?"

हा प्रश्न शेतकी खात्याचा नव्हे, हे मान्य. आजवर मीही "बघा, तुम्हाला परवडेल ते घ्या" असे म्हणून मोटरसायकलला किक मारीत असे. परंतु गेल्या हिवाळ्यात माझ्याच नात्यातल्या एका घरी जो प्रसंग घडला, त्यानंतर असे उत्तर देणे बरोबर वाटत नाही. तो प्रसंग पुढे सांगणार आहे. म्हणून या अंकात बेण्याऐवजी बादलीवर लिहीत आहे.

आपला गोदाकाठ थंडीच्या बाबतीत महाराष्ट्रात वेगळाच. शेजारच्या निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या खाली गेला, ही बातमी आपण डिसेंबर-जानेवारीत बऱ्याच वर्षी वाचतो. द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, उसाची वाढ थबकते आणि लहान पोरे आंघोळीला नको म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्याला आपल्याकडची पहाट सोसत नाही. त्यामुळे तिकडच्या घरात जे यंत्र पुरते ते आपल्याकडे पुरेलच असे नाही. कसे, ते बादलीच्या हिशेबाने पाहू.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटात अशा ८६० किलोकॅलरी असतात. एवढे दोनच आकडे लक्षात ठेवावेत. आंघोळीची बादली २० लिटरची धरू आणि अंगाला सोसेल असे पाणी ४२ अंशांचे धरू. गच्चीवरच्या टाकीतले पाणी थंडीच्या पहाटे १२ अंशांवर आलेले असते. ते ३० अंशांनी तापवायचे, म्हणजे बादलीमागे ६०० किलोकॅलरी. वीज लागली ०.७ युनिट, आणि गिझरच्या अंगातून थोडी उष्णता वाया जातेच, म्हणून पाऊण युनिट धरू. सहा माणसांच्या घरात रोजचे साडेचार युनिट झाले. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले (आपण आपल्या बिलावरचा दर घालावा) तर दिवसाला ४५ रुपये आणि साडेतीन महिन्यांच्या थंडीत ४,७२५ रुपये. एक गोष्ट मात्र विसरू नये. घरगुती बिलात महिन्याचे १०० युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांचा दर चढतो, आणि गिझर एकटाच महिन्याला १३५ युनिट खातो. म्हणजे गिझरचे बहुतेक युनिट चढ्या दराचेच पडतात.

आता यात एक गंमत आहे, आणि ती आपणा सर्वांना ठाऊक असूनही आपण वापरत नाही. थंडीत पहाटे दारे धरायला गेलात तर बोअरच्या पाइपातून पडणाऱ्या पाण्याच्या वाफा निघताना दिसतात. हात घातला तर पाणी कोमट लागते. जमिनीच्या पोटातले पाणी उन्हाळा-हिवाळा फारसे बदलत नाही, आपल्याकडे ते सुमारे २५ अंशांचे असते. तेच पाणी आपण आदल्या संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीत चढवतो, रात्रभर उघड्या आभाळाखाली गार करतो आणि सकाळी पैसे मोजून पुन्हा तापवतो!

टाकी संध्याकाळी न भरता पहाटे भरली तर तापवायचे अंश ३० वरून १७ वर येतात. बादलीला ३४० किलोकॅलरी, म्हणजे वाया जाणारी उष्णता धरूनही साधारण ०.४५ युनिट. सहा बादल्यांचे दिवसाला २७ रुपये, हंगामाला २,८३५. म्हणजे नुसती मोटर चालू करण्याची वेळ बदलून १,८९० रुपये वाचले, आणि खर्च शून्य, कारण टाकी तर भरायचीच आहे. विजेच्या पाळ्या आपल्या हातात नाहीत हे मी जाणतो. पण गावठाणातली घरे आणि घरगुती मीटरवर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर असणारे सभासद हे उद्यापासून करू शकतात. यंत्र कोणते घ्यावे हा प्रश्न त्यानंतरचा.

विजेवरची यंत्रे

सगळ्यात स्वस्त म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. काही शेकड्यांत मिळतो. लोकांची समजूत अशी की रॉड स्वस्त म्हणून त्याचे पाणीही स्वस्त. तसे नाही. बादलीला जितक्या किलोकॅलरी लागायच्या तितक्या लागतातच, मग त्या रॉडने द्या की गिझरने. मीटर जवळजवळ तेवढाच फिरतो. फरक एवढाच की रॉड चालू असताना पाण्यात बोट बुडवून "तापलं का?" पाहण्याची आपली सवय जिवावर बेतू शकते. लोखंडी बादलीत तर रॉड सोडूच नये. लहान मुले असलेल्या घरात रॉड नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा इन्स्टंट गिझर. ३ लिटरची छोटी टाकी, ३ किलोवॅटचा हीटर. दुकानदार नळ सोडून दाखवतो आणि लगेच गरम पाणी येते. पण तो दाखवतो दुपारी, दुकानात. ३ किलोवॅट म्हणजे मिनिटाला ४३ किलोकॅलरी. आपल्या पहाटेच्या १२ अंशांच्या पाण्याला ३० अंश चढवायचे तर मिनिटाला जेमतेम दीड लिटर पाणी सोडावे लागते आणि बादली भरायला १४ मिनिटे जातात. नळ मोठा केला की पाणी कोमट. थंड मुलखात हे यंत्र स्वयंपाकघरात भांडी धुवायला बरे, सहा माणसांच्या आंघोळीला नाही.

तिसरा साठवणीचा गिझर, २५ लिटर, २ किलोवॅट. यातले पाणी ६० अंशांपर्यंत तापवले आणि त्यात गार पाणी मिसळले तर दोन बादल्या निघतात. त्याला पाऊण तासाच्या आसपास लागतो, पण केव्हा? तर व्होल्टेज पुरते २३० असेल तेव्हा. आपल्या वस्त्यांवर सकाळी सगळ्यांच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज १७० वर येते. हीटरचे जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे १७० व्होल्टला २ किलोवॅटचा गिझर ५५ टक्केच काम करतो आणि पाऊण तासाचे काम सव्वा तासाच्या पुढे जाते. युनिट जास्त पडत नाहीत, वेळ जातो. पण घरातला माणूस म्हणतो गिझर खराब आहे, आणि दुकानदाराशी भांडण होते. घेण्यापूर्वी सकाळी सहा वाजता वायरमनकडून घरातले व्होल्टेज मोजून घ्यावे.

आता बसवण्याच्या खर्चाकडे येतो, कारण फसगत इथेच होते. माझ्या स्वतःच्या घरी २५ लिटरचा गिझर बसवला त्याचा हिशेब वहीत आहे तसा देतो. गिझर ९,५०० रुपये. मीटरपासून न्हाणीघरापर्यंत स्वतंत्र तांब्याची तीन पदरी वायर, १६ अँपिअरचा स्विच आणि प्लग २,१००. गळती झाली की प्रवाह तोडणारे आरसीसीबी १,९००. अर्थिंगचा खड्डा, पाइप, मीठ-कोळसा २,४००. गरम पाण्याची सीपीव्हीसी नळी, वॉल्व्ह, तोट्या ३,२००. मजुरी १,८००. म्हणजे यंत्र साडेनऊ हजारांचे आणि बसवण्याचे ११,४००, एकूण २०,९००. दुकानाच्या पाटीवर फक्त पहिला आकडा असतो. घरोघर थोडे कमी-जास्त होईल, पण बसवण्याचा खर्च यंत्राइतका येतो असे धरूनच चालावे.

यात हात आखडता घ्यायचा मोह कुठे होतो, तर अर्थिंगवर. "अर्थिंग काय, नळाच्या पाइपाला वायर गुंडाळू" असे सांगणारा कारागीर असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. आता बहुतेक घरांत नळाचे पाइप प्लॅस्टिकचे आहेत. त्याला वायर गुंडाळणे म्हणजे उसाच्या पानाला वायर गुंडाळण्यासारखे आहे. ओल्या अंगाने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाचे संरक्षण अर्थिंग आणि आरसीसीबी हे दोघे मिळून करतात. शेतीपंपाच्या लाइनवर गिझर लावणे तर नियमातही बसत नाही आणि अकलेतही.

दुसरा मोह नळीवर होतो. ठिबकाच्या कामातून उरलेला करड्या रंगाचा पीव्हीसी पाइप घरी पडलेला असतो, तोच न्हाणीघरात ओढून घेतात. गरम पाण्याने तो मऊ पडतो, वाकतो आणि सांध्यातून सुटतो. गिझर न्हाणीघरापासून लांब असेल तर आणखी एक तोटा. पाऊण इंची नळी २० मीटर असली तर तिच्यात सुमारे ५ लिटर पाणी उभे असते, ते आधी गार येते आणि मोरीत जाते. गिझर न्हाणीघराला चिकटून बसवावा, आणि घरातल्यांनी आंघोळी पाठोपाठ उरकाव्यात. दीड-दीड तासाच्या अंतराने आंघोळ करणाऱ्या घरात प्रत्येक वेळी तेवढे गरम पाणी नळीत राहून वाया जाते. (आमच्या घरी हे मी अजून कोणाला पटवू शकलेलो नाही.)

क्षाराचा प्रश्न तर आपल्या भागात सर्वांत मोठा. आपल्याला माहीत आहे की गाळप चालू असताना कारखाना मध्येच क्लीनिंगसाठी थांबवावा लागतो. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून थर बसतो, मग वाफ कितीही दिली तरी रस नीट आटत नाही. नळ्या साफ केल्या की पुन्हा पहिल्यासारखे. आपल्या घरच्या गिझरात तेच घडते. बोअरचे पाणी जड असेल तर हीटरच्या कांडीवर पांढरे कवच चढते, कांडी आतल्या आत तापून जळते आणि आपण म्हणतो कंपनीचा माल हलका. गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही. जड पाण्यात ती लवकर संपते. दरवर्षी दिवाळीनंतर एकदा मेकॅनिक बोलावून कांडी काढून साफ करून घ्यावी आणि मॅग्नेशियमची बदलावी. हा खर्चही बसवण्याच्या खर्चात धरावा.

सौर बंब

सूर्याच्या बंबाला आपल्याकडची थंडी आडवी येत नाही, उलट पथ्यावर पडते. आपली थंडी कोरडी, आभाळ स्वच्छ. डिसेंबरात हवा गार पण ऊन कडक. १०० लिटरचे पाणी दिवसभरात ६० अंशांपर्यंत गेले आणि रात्रीतून काही अंश उतरले तरी सहा बादल्यांची उष्णता त्यात असते. विक्रेता २०० नाहीतर ३०० लिटरचा आग्रह धरतो. एवढ्या घराला १०० लिटर पुरतो.

१०० लिटरचा काचनळ्यांचा संच आपल्याकडे २० ते ३० हजारांच्या दरम्यान सांगतात. पण गार पाण्याची टाकी सौर बंबाच्या टाकीपेक्षा उंच असावी लागते, म्हणजे पाणी आपसूक उतरते. आपल्या बहुतेक घरांत टाकी स्लॅबवर टेकलेली असते. मग टाकीसाठी लोखंडी स्टँड किंवा विटांचा ओटा, नवी नळी, वर चढवण्याची मजुरी हे सगळे वेगळे. हे आठ-दहा हजार कोटेशनमध्ये लिहिलेले नसतात, वरच्या चढणीला लागले की निघतात. वर हवा जाण्यासाठी एक उभी उघडी नळी असते, ती कधीही बुच लावून बंद करू नये, टाकी फुटते. तोंड दक्षिणेला, कलता कोन ३०-३५ अंश, म्हणजे थंडीतले तिरपे ऊन नीट मिळते. जड पाण्याच्या गावात तांब्याच्या बारीक नळ्यांचे सपाट पॅनेल घेऊ नये, नळ्या गच्च होतात. काचनळीत क्षार तळाला बसतात आणि साफ करता येतात. कारखान्याजवळच्या सभासदांनी काचा पंधरवड्याला पुसाव्यात, आपल्याच चिमणीची काजळी त्यावर बसते, ते नाकारून चालणार नाही.

दोन वर्षांत पैसे वसूल, असे विक्रेते म्हणतात. मी धरून पाहिले. संच आणि बसवणे मिळून ३५ हजार, गरम पाणी वर्षातून आठ महिने, त्यातही थंडी संपल्यावर कमी तापवावे लागते, असे धरले तर चार वर्षे लागतात. चार वर्षे वाईट नाहीत, पण चार म्हणजे चार. आणि अनुदानाबद्दल एक खुलासा. पाणी तापवण्याच्या सौर बंबावरचे केंद्र सरकारचे अनुदान २०१४ साली बंद झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवण्याच्या नळ्यांसाठी नाही. दोन्हींची गल्लत करून कोणी फॉर्मवर सही मागत असेल तर देऊ नये.

एका सभासदाला विक्रेत्याने "गोठणरोधक" द्रावणाचा महागडा संच दाखवला होता. असा संच लेह-लडाखकडे लागतो. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली जातो, पॅनेलमधले पाणी गोठते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि तांब्याची नळी फाटते. म्हणून तिकडे पॅनेलमध्ये न गोठणारे द्रावण फिरवतात आणि त्याची उष्णता वेगळ्या टाकीतल्या पाण्याला देतात. आपल्याकडे एखाद्या पहाटे गवतावरचे दव गोठते, पण काचनळीच्या दोन थरांमध्ये निर्वात जागा असते आणि आतले पाणी सुरक्षित राहते. आपल्याला त्या संचाची गरज नाही.

गॅस गिझर आणि तो प्रसंग

गॅसवर पाणी स्वस्त पडते, हे खरे आहे. एक किलो गॅसमध्ये सुमारे १०,८०० किलोकॅलरी असतात आणि गिझर त्यातल्या ८० टक्के पाण्याला देतो असे धरले तर बादलीला ७० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दोनशे बादल्या. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर बादली साडेचार रुपयांना, विजेची साडेसातला. व्होल्टेजची कटकट नाही, पाणी लगेच. म्हणून गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांत घरोघर गॅस गिझर झाले.

माझ्या मेहुण्यानेही गेल्या वर्षी दिवाळीत घेतला. दुकानात त्याच्याबरोबर मी होतो. दुकानदाराने बसवण्याचे दोन भाव सांगितले. न्हाणीघराच्या आत भिंतीवर बसवला तर ८०० रुपये. बाहेरच्या भिंतीवर बसवून वर पत्र्याचे छप्पर आणि आत नळी आणायची तर २,४५०. घासाघीस मीच केली. "आतच बसव रे, बाहेर कशाला, पावसात भिजेल" असे मीच म्हणालो. १,६५० रुपये वाचवले म्हणून त्या दिवशी मला बरे वाटले होते.

जानेवारीत थंडी वाढली. न्हाणीघर पाच बाय सहा फुटांचे, वर एक झरोका. वारा येतो म्हणून घरच्यांनी झरोक्याला पुठ्ठा लावला, दाराच्या फटीला पोतेरे. मेहुण्याची मुलगी अकरावीत आहे. सकाळी ती आंघोळीला गेली. वीस मिनिटे झाली, पाण्याचा आवाज चालू, हाकेला ओ नाही. आईला वाटले केस धुतेय. आजीने दार वाजवले, मग मेहुण्याने खांद्याने दार फोडले. मुलगी फरशीवर पडलेली, नळ चालू, गिझर चालू. तिला उचलून अंगणात आणली, तोंडावर वारा घातला, गाडीत घालून दवाखान्यात नेली आणि तिथे प्राणवायू लावला. दुपारपर्यंत तिने डोळे नीट उघडले. डॉक्टरांनी सांगितले, आणखी पाच-दहा मिनिटे गेली असती तर उपयोग नव्हता.

गॅस गळला नव्हता. वास आला नाही तो म्हणूनच. गॅस जळायला हवा लागते. बंद खोलीत हवा संपत आली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, खोकलाही येत नाही. रक्तात जी जागा प्राणवायूची ती हा वायू अडवून बसतो. माणसाला गुंगी येते, पाय लटपटतात आणि दाराची कडी काढण्याइतकी शक्तीसुद्धा उरत नाही. थंड प्रदेशात हा धोका मुद्दाम अधिक, कारण थंडी आहे म्हणूनच माणूस झरोके बुजवतो, आणि थंडी आहे म्हणूनच गिझर जास्त वेळ चालतो.

दुसऱ्या दिवशी तोच कारागीर बोलावून गिझर बाहेरच्या भिंतीवर नेला. सहा फूट नळी, चार फूट पत्रा. खर्च १,६५० रुपये.

ज्या सभासदांच्या घरी गॅस गिझर न्हाणीघराच्या आत आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हा अंक वाचून खाली ठेवल्यावर कारागिराला फोन करावा. तो येईपर्यंत निदान एवढे करावे : गिझर चालू करून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, दार पाच मिनिटे उघडे ठेवावे आणि मगच माणसाने आत जावे. झरोक्याचा पुठ्ठा आजच काढावा. कोळशाची शेगडी न्हाणीघरात किंवा बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवली तर तिच्यातूनही हाच वायू निघतो, हेही म्हाताऱ्या माणसांना सांगावे.

बंब आणि पाचट

आता राहिला आपला जुना बंब. मधोमध धुराची नळी, भोवती पाणी, खाली जाळ, पितळी तोटी. काश्मीर-हिमाचलकडे याच जातीच्या भांड्याला हमाम म्हणतात, आणि तिकडे ते अजून नांदते आहे. आपल्याकडे तांब्याचा बंब घ्यायला गेले तर आता गिझरपेक्षा महाग पडतो. पण वाडवडिलांचा माळ्यावर पडलेला असेल तर कल्हई करून, खालची जाळी बदलून घेणे सर्वांत स्वस्त. जाळाची चौथाई उष्णता पाण्याला मिळाली असे धरले तर बादलीला ७०० ग्रॅम वाळले लाकूड लागते, थंडीभर सहा माणसांना साडेचार क्विंटलच्या आसपास. बंब उघड्यावर किंवा पडवीत असावा, म्हणजे धूर बायकांच्या डोळ्यांत जात नाही.

त्यात काय जाळावे याबद्दल मात्र शेतकी खात्याचा माणूस म्हणून बोलणे भाग आहे. पाचट जाळू नये. ते भसकन पेटते आणि भसकन विझते, सारखे कोंबत बसावे लागते. पण खरे कारण वेगळे आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघते, त्यात नत्र अर्ध्या टक्क्याच्या जवळ, म्हणजे १५ ते २० किलो नत्र, शिवाय पालाश आणि सेंद्रिय कर्ब. हे सगळे खोडव्याच्या सरीत कुजवायचे आहे. बंबासाठी द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, तुराट्या, मक्याची बुरकुंडे भरपूर आहेत. ती बांधावर पेटवून देण्यापेक्षा पावसाच्या आधी गोठ्याच्या कडेला रचून ठेवावीत.

फडावरच्या तोडणी कामगारांच्या कोप्यांवर पहाटे तीनला विस्तव पेटतो तो आधी चहासाठी आणि मग लेकरांच्या हातपायांसाठी. त्यांच्याकडे ना गिझर ना बंब. बोअर चालू असेल तेव्हा कोमट पाण्याचे दोन हंडे त्यांना भरून घेऊ द्यावेत. आपल्याला त्याचा काही खर्च नाही, आणि त्या बायांचे बोटे बधिर करणाऱ्या हौदातल्या पाण्यात हात घालणे वाचते.

प्रत्येक गट कार्यालयात एक साधा तापमापक ठेवण्यास सांगितले आहे. वही करून दोन दिवसांसाठी घरी न्यावा, पहाटे टाकीतले पाणी आणि बोअरचे पाणी दोन्ही मोजावे आणि आकडे वहीत लिहून आणावेत. पाण्याची जडता पाहण्यासाठी एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत, मातीच्या नमुन्याच्या पुडीबरोबरच, कारखान्याच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पाठवावे. बाटलीवर नाव, गट नंबर आणि "घरगुती" असा शब्द लिहावा, नाहीतर ती ठिबकाच्या नमुन्यांत मिसळते.

— ऊस विकास अधिकारी